नाना घरी येण्याआधी घर रिकामं करू का?

"नाना हॉस्पिटलमध्ये आहेत तोवरच घर रिकामं करून टाकायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. परत आल्यावर त्यांना कसं सांगायचं, तेवढंच विचारायला आले आहे."

हे विचारणारी लेक पन्नाशीला टेकलेली, रात्र-रात्र न झोपलेली. असा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी आईबद्दल, कधी मामाबद्दल, कधी एकट्या राहणाऱ्या मावशीबद्दल. माणूस घरात नाही, चार जण जमवता येतील, एक गाडी बोलावली की दोन दिवसांत घर मोकळं, असा हिशेब असतो. म्हणून हा अनुभव लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नाना ऐंशीच्या आसपासचे. वस्तू टाकवत नाहीत हा स्वभाव जुनाच, पण पत्नी होती तोवर तो एका खोलीत अडवलेला होता. ती गेल्यावर सामान सगळ्या घरभर पसरलं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, बंद घड्याळं, रिकाम्या बाटल्या, सुतळीची गुंडाळी, खोकी, कधीच्या काळच्या लग्नपत्रिका. पलंगाच्या अर्ध्या भागावर सामान आणि उरलेल्या अर्ध्यावर नाना. एका रात्री गठ्ठ्याला पाय अडकून ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. आता वॉकर घेऊन घरी यायचं होतं आणि त्या घरात वॉकर टेकवायलाही जागा नव्हती. मुलांची घाई खरी होती, ती मी एका शब्दानेही नाकारली नाही.

तरीही माझं उत्तर होतं, त्यांच्या पाठीमागे घर रिकामं करू नका.

थोरला भाऊ दुसऱ्या भेटीला आला तो चिडूनच. "हा आळस आहे की हट्ट, एवढंच सांगा." मी म्हटलं, दोन्ही नाही. वस्तू सोडण्याची ही टोकाची अडचण हा स्वतंत्र आजार मानला जातो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने 2013 साली डीएसएम-5 या निदान-पुस्तिकेत त्याला 'होर्डिंग डिसऑर्डर', म्हणजे वस्तू साठवत राहण्याचा विकार, म्हणून वेगळी जागा दिली. त्याआधी तो बहुतेकदा मंत्रचळेपणाचाच (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणं) एक भाग धरला जायचा. सुरुवात बहुधा किशोरवयातच होते. वय वाढतं तसा तो वाढत जातो, म्हणून घरच्यांच्या डोळ्यांवर येतो तो म्हातारपणी. जवळचं माणूस गेलं की पुष्कळदा एकदम उचल खातो.

मग त्याला एक प्रयोग सांगितला, कारण घरच्यांचा राग उतरायला तो मला फार उपयोगी पडतो. 2012 साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड टॉलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यक्तींच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. समोर टपालातून आलेले साधे कागद, काही त्यांचे स्वतःचे, काही परक्यांचे. प्रत्येक कागद ठेवायचा की फाडायचा, ते ठरवायचं. परक्यांच्या कागदांच्या वेळी मेंदूतले काही ठरावीक भाग इतरांपेक्षा मंद होते. स्वतःच्या कागदांच्या वेळी मात्र तेच भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटले. 'हे किती महत्त्वाचं, इथे चूक झाली तर काय होईल' हे तोलण्याशी जोडलेले ते भाग. आपण रद्दीचा कागद बघतो आणि नाना त्याच कागदापाशी एक मोठा, धोक्याचा निर्णय घेत असतात. असे हजारो निर्णय त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्याने घेतले, तर परतल्यावर त्यांना मोकळं घर दिसत नाही, लुटलेलं घर दिसतं.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पूर्वी एकदा मी गॅलरी रिकामी केली होती. नाना कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या खोलीला कुलूप लावलं ते तेव्हापासून." हा उपाय याच घरात होऊन गेला होता आणि गॅलरी पुन्हा भरली होती. एकदम रिकामी केलेली घरं पुन्हा भरतात, हे मी अनेक कुटुंबांत पाहिलं आहे. सोडण्याची ताकद आलेली नसते, फक्त विश्वास गेलेला असतो.

मी लेकीला सांगितलं, नानांना घर आवरण्याबद्दल काहीच विचारू नका. घरी गेल्यावर स्वतःचं स्वतः काय करायला आवडेल, ते विचारा. ते म्हणाले, "रात्री कुणाला न उठवता बाथरूमला जाता यावं."

या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. पलंगापासून बाथरूमपर्यंत तीन फुटी वाट, पूर्ण पलंग, शेगडीच्या आसपास आणि विजेच्या बटणांजवळ कागदाचा एक कपटा नाही, आणि बाहेरच्या दारापर्यंत मोकळा रस्ता. एवढ्यालाच नानांची संमती मागितली आणि तेवढ्यालाच ती मिळाली. त्या जागेतलं सामान टाकायचं नव्हतं. आधी फोटो, मग नंबर घातलेली खोकी, मग बैठकीच्या खोलीत. भाऊ म्हणाला, हे तर इकडचं तिकडे झालं. एरवी त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, कारण ढीग नुसते हलवत राहणं हे या आजारात खूप होतं आणि त्याने काही सुटत नाही. पण इथे आठवड्याभरात वॉकर येणार होता.

मदतीला कोण बोलवायचं, यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा. मदतीला उत्सुक असलेला प्रत्येक जण मदतीचा नसतो. सून कामाला वाघ, पण वस्तू हातात धरून "हे कशाला?" म्हटल्याशिवाय तिला राहवत नसे. तिला दाराबाहेरचं काम दिलं: खोकी आणणं, नंबर घालणं, न्यायच्या वस्तू जिथे द्यायच्या तिथे पोचवणं. चुलतभाऊ उचल-ठेव करणार. नानांशी बोलणार ती फक्त लेक. एकाच वेळी तीन तोंडं बोलू लागली की नाना गोंधळत आणि गोंधळले की सगळंच ठेवत. कचरा, भंगार, घाण हे शब्द त्या घरात कुणी उच्चारायचे नाहीत. हातमोजे आणि मास्क सगळ्यांना, कारण जुन्या कागदांत बुरशी, उंदरांची घाण, फुटकी काच काहीही निघतं. आणि सगळ्यात मोलाची मदत झाली नानांच्या एका जुन्या मित्राची. तो काहीच उचलत नसे. शेजारी खुर्ची टाकून बसे आणि नाना एखाद्या वस्तूची गोष्ट सांगू लागले की ती पूर्ण ऐके.

भावाला यातलं कोणतंच काम जमेना. खोकं उघडलं की त्याचे हात थरथरत. शेवटी एकट्याने भेटायला आला तेव्हा सांगितलं की शाळेत असताना त्याने एकाही मित्राला कधी घरी आणलं नव्हतं. अभ्यासाचं टेबल त्याचं नव्हतं, सामानाचं होतं. "त्यांच्या वस्तूंना जागा होती, मला नव्हती." अशा घरांतल्या मुलांचा हा राग मला फार जवळून ठाऊक आहे आणि तो दाबून कुणीही खोकी उचलायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तो राग मग प्रत्येक वस्तू आपटण्यातून बाहेर पडतो. मी त्याला आवराआवरीतून पूर्ण मोकळं केलं. कागदपत्रांचं काम तेवढं त्याने मागून घेतलं, आपल्या घरी बसून करायचं. प्रत्येक गठ्ठा पान-पान उलगडायचा, हा नियम होता. वर्तमानपत्रांच्या घडीत मुदत ठेवीच्या पावत्या, पेन्शनचे कागद आणि घराच्या मूळ कागदांची प्रत निघाली. गाडीत भरून गेलं असतं, तर हे सगळं गेलं असतं.

नाना घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. एका बैठकीला एकच खोकं, फार तर दोन तास, ते थकायच्या आत थांबायचं. हातात घेतलेल्या वस्तूचं काहीतरी ठरवूनच पुढची घ्यायची. 'नंतर बघू' साठी एक छोटी पेटी, ती भरली की भरली. लेक वाद घालत नसे. एवढंच विचारी, "हे नसेल तर काय अडेल, नाना?" मग मी एक छोटा प्रयोग सुचवला. एक वस्तू सोडायची, जिवाची घालमेल शून्य ते शंभरात किती ते सांगायचं, संध्याकाळी पुन्हा सांगायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. घड्याळाच्या एका सुट्या झाकणाला नानांनी ऐंशी दिले. दुसऱ्या दिवशी ते वीसवर आले. आकडा उतरतो हे त्यांना स्वतःलाच कळलं. माझ्या कुठल्याही समजावणीने ते झालं नसतं.

मध्येच घात झाला. चुलतभावाने एक पिशवी रद्दी समजून परस्पर बाहेर नेली. त्यात नानांच्या पत्नीची आजारपणातली फाइल होती, मागे तिच्या अक्षरातल्या औषधांच्या वेळा. घरच्यांचा पहिला विचार होता, त्यांना कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, आजच सांगा, ज्याने नेली त्यानेच सांगा. धावपळ करून काही पानं परत मिळाली, काही मिळाली नाहीत. नानांनी पुढचे बरेच दिवस एकाही खोक्याला हात लावू दिला नाही. कुणी आग्रह केला नाही. मग त्यांनीच अट घातली: कोणतीही पिशवी त्याच दिवशी घराबाहेर जायची नाही, दुसऱ्या दिवशी मी 'हो' म्हटल्यावरच जाईल. ही अट आता मी प्रत्येक कुटुंबाला सांगते.

डॉक्टरांना दाखवायला मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ते कुणीही टाळू नये. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य दोन्हींमध्ये घरात असं सामान साठू शकतं आणि तिथे उपचार वेगळे लागतात. नानांची स्मरणशक्ती ठीक होती, नैराश्य मात्र खोलवर होतं. साठवण्यावर नेमकं असं औषध नाही, पण नैराश्यावर उपचार सुरू झाल्यावर झोप सुधारली आणि बैठकीत तग धरू लागले.

संमतीची वाट बघता येत नाही असेही प्रसंग असतात. शेगडीला लागून कागद रचलेले आहेत, ढीग अंगावर कोसळेल असा आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे ठरवण्याची क्षमताच उरलेली नाही. तेव्हा धोक्याच्या जागेपुरतंच हलवा, फोटो ठेवा, त्या वेळी त्यांच्या विश्वासाचं माणूस त्यांच्याजवळ बसवा आणि काय केलं ते खरं सांगा. 'हरवलं असेल' असं कधीही सांगू नका.

आज वाट मोकळी आहे, पलंग पूर्ण आहे, बैठकीची खोली निम्मी झाली आहे. नव्या वस्तू येणं कमी झालंय, थांबलेलं नाही. मागच्या खोलीचं कुलूप तसंच आहे. लेकीने परवा विचारलं, "ती खोली कधी काढायची?" त्या खोलीत वीज जोडलेली नाही, तिकडे कुणाला जावं लागत नाही, भिंतीला ओल नाही. मी म्हटलं, तिथे धोका दिसला तर लगेच बोलू. नाहीतर ती खोली नानांनी काढली तरच काढायची, आणि विषयसुद्धा त्यांनीच काढायचा.