नव्या सुपरवायझरनं ग्राइंडरपासून सुरुवात करावी

भोसरीतल्या वर्कशॉपवर नवे सुपरवायझर झालात, तर प्रशिक्षण म्हणजे फक्त हजेरीवर सह्या असं होऊ देऊ नका. पोरांना बेंच ग्राइंडरपाशी, म्हणजे टेबलावर बसवलेल्या, फिरत्या चाकावर धातू घासायच्या मशीनपाशी न्या. टूल रेस्ट (घासताना तुकडा टेकवायचा आधार) आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. चाक झिजतं तशी ती वाढते, जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, आत ओढला जातो, अडकतो आणि चाक फुटतं. इथे हातमोजे नकोत. नव्यांना हे हमखास उलटं वाटतं, पण हातमोजा गुंतला की बोटंही ओढली जातात. चष्मा मात्र हवाच. नवं चाक बसवण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर तडा आहे, लगेच बाद करा, नाहीतर रात्रपाळीत कुणीतरी तेच बसवेल. बसवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवा.