सीओपीडी फुप्फुसांचा आजार असताना पायांना सूज का येते आणि डॉक्टर हृदयाचा इको का करायला सांगतात?

आपल्या वडिलांविषयीचा हा प्रश्न वाचला. मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, त्या आधारे यामागची यंत्रणा सांगतो. उपचारांचा निर्णय मात्र त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

हृदयाची उजवी बाजू फक्त फुप्फुसांकडे रक्त पाठवते, म्हणून तिच्यातून थोडेच रक्त जात असावे, असा समज माझ्या विद्यार्थ्यांचाही असे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंतून विश्रांतीच्या वेळी मिनिटाला जवळजवळ सारखेच, सुमारे ५ लिटर रक्त जाते. फरक आहे तो दाबाचा. शरीराच्या मुख्य धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर फुप्फुस धमनीतील जेमतेम १५. त्यामुळे उजव्या जवनिकेची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) भिंत पातळ असते आणि जास्त दाबाविरुद्ध काम करण्याची तिला सवय नसते.

आता फुप्फुसांची एक खोड पाहा. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, पण फुप्फुसांतील वाहिन्या आकसतात. १९४६ साली फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी मांजरांवरील प्रयोगांत हे दाखवले. एखाद्याच भागात हवा पोहोचत नसेल, तर तेथील रक्त हवेशीर भागाकडे वळवणारी ही सोय उत्तमच म्हणायची. सीओपीडीमध्ये मात्र ऑक्सिजनची कमतरता फुप्फुसभर पसरते, जागोजागी वाहिन्या आकसतात, शिवाय वायुकोशांच्या (फुप्फुसांतील हवेच्या बारीक पिशव्यांच्या) भिंती नष्ट होताना त्यांतील केशवाहिन्याही जातात आणि फुप्फुस धमनीतील दाब चढत जातो. त्या दाबाशी झगडताना उजवी जवनिका आधी जाड होते, पुढे फुगते, आणि शेवटी तिच्यामागे रक्त तुंबून मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढते, पाय सुजतात. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डॉक्टर मुख्यतः हेच शोधत असावेत. फुगलेली उजवी जवनिका मधला पडदा डावीकडे ढकलते, त्यामुळे डाव्या बाजूतही पुरेसे रक्त भरत नाही.

उलट दिशेनेही हे घडते: डावी बाजू कमजोर झाली की रक्त फुप्फुसांत तुंबते, वायुकोशांत पाणी उतरते आणि आडवे झाल्यावर दम लागतो. म्हणूनच केवळ धाप लागण्यावरून दोष हृदयाचा की फुप्फुसांचा हे ठरवता येत नाही.

रक्तातील ऑक्सिजन फारच कमी असणाऱ्या रुग्णांना दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन देतात, त्याने आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले आहे. पण त्याचा प्रवाह घरी स्वतःहून वाढवू नये, कारण काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो. आणखी एक गोष्ट: एकाच पायाला सूज येऊन अचानक धाप वाढली, तर पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकल्याची शक्यता असते. अशा वेळी इकोच्या तारखेची वाट न पाहता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे.