भाषा-जिज्ञासा : खोसात 'लग्न झाले आहे का?' असे कसे विचारावे?

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट असून गेले चार महिने दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, म्थाथा येथील एका रुग्णालयात काम करते. रुग्णाची माहिती भरताना त्याचे लग्न झाले आहे का, हे विचारावे लागते. मोबाइलवरच्या, इथल्या खोसा भाषेच्या एका शब्दसूचीतून 'वेन्दीले?' हा प्रश्न पाठ करून मी तो साठीच्या एका गृहस्थांना विचारला, तेव्हा ते स्वतः हसू लागले आणि परिचारिकांनाही हसू आवरेना. माझे नेमके काय चुकले? – एक वाचिका, मूळच्या नाशिकच्या

उत्तर : आपण त्या गृहस्थांना जवळजवळ 'तुम्हांला सासरी दिले का?' असे विचारलेत. खोसात लग्न करण्याची क्रिया परंपरेने स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळी आहे. 'उक्वेन्दा' म्हणजे स्त्रीने लग्न करून सासरी जाणे; 'वेन्दीले' हे त्याचेच रूप होय. पुरुषाने बायको करणे याला 'उकुझेका' म्हणतात, आणि वडिलांनी मुलीचे लग्न करून देणे, म्हणजे आपण ज्याला मुलगी उजवणे म्हणतो, त्याला 'उक्वेन्दिसा' हे प्रयोजक रूप आहे. शब्दसूचीत या तिन्हींसमोर 'लग्न करणे' एवढेच लिहिलेले असते, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

आपल्या कामासाठी 'उकुचाता' हे क्रियापद लक्षात ठेवावे, कारण ते दोघांनाही चालते. वडीलधाऱ्या पुरुषाला 'ताता' आणि स्त्रीला 'मामा' असे संबोधून 'उचातीले?' असे विचारले की पुरे. होकारार्थी उत्तर 'एवे, न्दिचातीले' असे येईल. नकारार्थी उत्तरे मात्र दोन आहेत आणि त्यांतला फरक कानाने टिपायला हवा : 'हायी, आन्दिचातान्गा' म्हणजे 'नाही, माझे लग्न झालेले नाही', तर 'आन्दिकाचाती' म्हणजे 'अजून झालेले नाही'. मराठीत ज्यासाठी 'अजून' हा स्वतंत्र शब्द लागतो, तो अर्थ येथे क्रियापदाच्या पोटातला एकटा 'का' सांगतो. पंचविशीतल्या मुलांकडून आपल्याला बहुधा हे दुसरे रूप ऐकू येईल.

नवऱ्याला 'उम्येनी' म्हणतात. बायकोसाठी शब्दकोश 'उम्फाझी' हा शब्द आधी देतो. तो चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ 'बाई' असाही होतो आणि परक्या माणसाने तोंडावर वापरला तर तो रांगडा वाटतो. रुग्णाच्या पत्नीविषयी बोलताना 'इन्कोसिकाझी' म्हणावे. 'इन्कोसी' म्हणजे प्रमुख, सरदार, आणि 'काझी' हा स्त्रीवाचक प्रत्यय. आपण पाटलाची पाटलीण करतो, त्याच जातीची ही घडण आहे. हाच प्रत्यय 'उम्ह्लोलो', म्हणजे विधुर, या शब्दाला लागून 'उम्ह्लोलोकाझी', म्हणजे विधवा, हा शब्द तयार होतो. या दोन शब्दांतला 'ह्ल' हा 'ह' आणि 'ल' यांची जोड नसून, जीभ 'ल'च्या जागी ठेवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडल्यावर होणारा घोगरा आवाज आहे.

घटस्फोटासाठीचा शब्द उच्चाराला सर्वांत कठीण आहे. त्यात 'उम्चातो', म्हणजे विवाह, हा शब्द येतो आणि त्याच्या जोडीला दोरी तटकन तुटावी तशा तोडण्याचे क्रियापद येते. त्या क्रियापदाची सुरुवात जिभेच्या टिचकीने होते. भाषाशास्त्रज्ञ ती उद्गारचिन्हाने दाखवतात. त्या रीतीने लिहायचे तर 'उ!हावुलो-म्चातो'. जीभ टाळूला घट्ट चिकटवून झटक्याने खाली ओढली की घोड्याच्या टापेसारखा जो आवाज निघतो, तोच हा. खोसातल्या दुसऱ्या टिचकीशी आपली जुनी ओळख आहे, कारण हळहळताना आपण जे 'च् च्' करतो तीच ती. फक्त ती तेथे शब्दाच्या आत व्यंजन म्हणून बसते. तिसरी टिचकी जिभेच्या कडेने काढतात, आणि खुद्द 'खोसा' या नावाच्या आरंभी तीच आहे, आपण 'ख' लिहून वेळ मारून नेतो एवढेच. उलट 'थ', 'फ', 'ख' हे महाप्राण मराठी माणसाला फुकटात मिळालेले आहेत : 'न्दियाकुथान्दा', म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे', यातला 'थ' अस्सल आपला 'थ' आहे.

प्रेमाचा विषय निघालाच आहे, तर रुग्णालयात उपयोग नसलेला, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही असा एक शब्द सांगतो. प्रिय व्यक्तीला खोसात 'इसिन!आन्दामाथे' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ 'लाळ आवरून धरणारे' असा होतो. आपल्या तोंडाला पाणी सुटते, त्यांचे प्रेम ते पाणी परतवते.

आपण रुग्णाची जी माहिती भरता, तिच्याबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. 'न्दिचातीले' म्हणणाऱ्याचे लग्न चर्चमध्ये वा सरकारी कचेरीत झालेले असेलच असे नाही. दोन्ही घरांच्या वाटाघाटी होऊन, 'इखाझी' म्हणजे वधूसाठी द्यायची गुरे किंवा त्यांच्या मोबदल्यात रक्कम ठरून, परंपरेप्रमाणे झालेल्या विवाहाला 'उम्चातो वेसिन्तू' म्हणतात. अशा विवाहांना पूर्ण मान्यता देणारा कायदा 1998 साली झाला आणि 15 नोव्हेंबर 2000 पासून लागू झाला. त्यानुसार नोंदणी झाली नाही एवढ्या कारणाने विवाह अवैध ठरत नाही. तेव्हा रुग्णाजवळ दाखला नसला तरी त्याला अविवाहित लिहू नये.

प्रश्न : आमच्या मुलाने केपटाउनमधील खोसाभाषक मुलीशी लग्न केले आहे. पुढच्या महिन्यात तिचे आईवडील सांगलीला येत आहेत. त्यांच्याशी बोलण्यापुरते चार शब्द सांगावेत. – एक वाचक, सांगली

उत्तर : एकाला 'मोलो' आणि अनेकांना 'मोल्वेनी' म्हणून अभिवादन करावे. आपली सून ही खोसात 'उमोलोकाझाना' आणि नव्या नवरीच्या नात्याने 'उमाकोती'. पाहुण्यांनी आपल्या पत्नीस 'मामा' म्हटले तर गोंधळू नये, कारण तो आईला व आईच्या वयाच्या स्त्रीला उद्देशून आदराचा शब्द आहे. आपल्या मामाला तिकडे 'मालुमे' म्हणतात. त्यांचा 'इसिदूको', म्हणजे कुळाचे नाव, आवर्जून विचारावे. एका इसिदूकोत लग्न होत नाही, आणि लग्नानंतरही स्त्री माहेरच्या कुळाच्या नावानेच मानाने हाक मारून घेते. सासरी तिला नवे नावही देतात, ते बहुधा 'नो' या अक्षराने सुरू होते. नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळांत नाव लिहिण्याची आपली रीत सांगितलीत, तर विहीणबाईंना ती समजावून द्यावी लागणार नाही.