रात्री सुनसान रस्त्यावर पुढे एकटी बाई चालत असेल, तर पुरुषाने काय करावं?

रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चाला. ते जमत नसेल तर मिनिटभर थांबा, अंतर वाढू द्या. रात्रपाळीहून परतणारी बाई म्हणून सांगते, मागच्याचा हेतू पाठीला दिसत नाही. फक्त पावलं ऐकू येतात, आणि ती आपल्या वेगाशी जुळली की पर्समधली किल्ली आपोआप मुठीत येते. तिला भरभर मागे टाकून जाऊ नका. मागून अचानक वाढलेला वेग जास्त भीतीदायक. ‘घाबरू नका ताई’ हेही नको (उलट दचकायलाच होतं). मात्र कुणी तिला त्रास देत असेल, तर लांब राहू नका: जवळ जाऊन ‘मदत हवी आहे का?’ असं तिलाच विचारा. शेरा मारणारा तुमचाच मित्र असेल, तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा.