धोक्याची खूण दिसली की लेखी कळव

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेल्या कंपनीत अधिकारी होतो आहेस, तर 'जबाबदारी संचालक मंडळाची, मी फक्त सांगितलेलं करणार' हा समज आधी डोक्यातून काढून टाक. काळजी आणि निष्ठा ही कर्तव्यं संचालकांइतकीच अधिकाऱ्यांवरही आहेत, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केलं. जानेवारी २०२३ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या खटल्यात चॅन्सरी न्यायालयाने (तिथलं कंपन्यांचे वाद ऐकणारं न्यायालय) त्यात भर घातली: आपल्या खात्यावर लक्ष ठेवणं आणि गैरप्रकाराची खूण दिसली तर वर कळवणं, हेही अधिकाऱ्याचं कर्तव्यच.

समज, लेखा विभागातल्या कुणी सांगितलं, तिमाही संपता संपता न पाठवलेला माल विक्रीत धरलाय. त्याच दिवशी टिपण लिही: कोणी सांगितलं, कोणती बिलं, किती रक्कम, काय तपासलं, काय राहिलं. ते कंपनीच्या विधी प्रमुखांना आणि लेखापरीक्षण समितीला पाठव. नंतर त्या विषयावरच्या बैठकीचं इतिवृत्त, म्हणजे बैठकीची अधिकृत नोंद, वाच. त्यात नुसतं 'चर्चा झाली' असेल तर मंजुरीआधीच दुरुस्ती सुचव. कोणता प्रश्न विचारला, काय ठरलं, हे त्यात यायलाच हवं. भागधारक दाव्याआधी डेलावेअरच्या कंपनी कायद्यातल्या कलम २२० खाली कंपनीकडे कागद मागतात, आणि मार्च २०२५ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा भर मुख्यतः इतिवृत्तं आणि मंडळाला दिलेल्या कागदांवरच असतो. इतिवृत्तच नसेल, तर त्याची जागा घेणारे दुसरे कागद द्यायला न्यायालय लावू शकतं. मग ईमेल बाहेर येतात, आणि ते घाईत लिहिलेले असतात.

'सनदेत (कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात) सूट आहे' असं कुणी म्हणालं तर नीट विचारून घे. ऑगस्ट २०२२ पासून ठरावीक वरिष्ठ अधिकाऱ्यांना काळजीतल्या कसुरीच्या भरपाईतून सूट देता येते, पण भागधारकांनी थेट स्वतःसाठी केलेल्या दाव्यातच. भागधारकांनी कंपनीच्या वतीने केलेल्या दाव्यात ती मिळत नाही. निष्ठाभंगाला तर कधीच नाही, आणि खूण दिसूनही जाणूनबुजून केलेली डोळेझाक निष्ठाभंगातच मोडते. कंपनीच्या वतीने दावा करणाऱ्याला आधी मंडळाकडे मागणी करावी लागते, नाहीतर ती का व्यर्थ ठरली असती हे तपशिलाने मांडावं लागतं. बरेच दावे तिथेच अडतात. त्या भरवशावर मात्र राहू नकोस.

रुजू होण्याआधी, तुझ्यावर दावा झाला तर बचावाचा खर्च कोण देणार हे सांगणारं कंपनीच्या नियमांतलं कलम वाच. कंपनी आगाऊ खर्च 'देईल' असं लिहिलंय की 'देऊ शकेल'? दुसरं असेल तर वेगळा करार मागून घे. आणि दाव्याची नोटीस आली की संचालक-अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांसाठीचा विमा देणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी कळव. या विम्यात सहसा दावा कधी आला आणि कधी कळवला यावरच संरक्षण ठरतं, उशिरा कळवलेला दावा हातचा जाऊ शकतो.

तुझा हितचिंतक