पासवर्ड पक्का, ओटीपीही चालू. तरी ऑथेंटिकेशन बायपासची भीती बाळगायची का?

तुम्ही विचारलंय की रिमोट ॲक्सेसच्या सर्व्हरला भलामोठा पासवर्ड आहे, वर ओटीपी आहे, मग ‘ऑथेंटिकेशन बायपास’ची (ओळख न पटवताच आत शिरता येण्याच्या त्रुटीची) सूचना आली म्हणून आजच अपडेट करायची एवढी घाई कशाला? घाई करायलाच हवी. या त्रुटीत पासवर्ड फोडावा लागतच नाही, कारण तो विचारलाच जात नाही.

२००६ सालचं रिअलव्हीएनसी ४.१.१ बघा (व्हीएनसी म्हणजे दूरच्या संगणकाचा स्क्रीन बघून तो चालवायची पद्धत), याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. व्हीएनसीची जोडणी होताना सर्व्हर क्लायंटला यादी पाठवतो: ओळख पटवायचे एवढे प्रकार मला चालतात. पासवर्ड लावलेला असेल तर यादीत २ हा आकडा. क्लायंटने त्यातला एक निवडून एका बाइटमध्ये कळवायचं. आता हल्लेखोराने २ ऐवजी १ कळवला, म्हणजे ‘पासवर्ड नको’, तर सर्व्हर तोही मान्य करायचा! आपण पाठवलेल्या यादीत १ होता का, हे तो पडताळतच नव्हता. ४.१.२ मध्ये ते दुरुस्त झालं. २०१८ मध्ये लिबएसएसएच या, दूरच्या सर्व्हरवर एसएसएच पद्धतीने लॉगिन करण्यासाठीच्या लायब्ररीतही असंच निघालं. ‘लॉगिन झालं’ हा निरोप सर्व्हरने द्यायचा असतो. तो क्लायंटनेच पाठवला तरी सर्व्हर आत घ्यायचा. (ओपनएसएसएच हे त्याच कामाचं वेगळं सॉफ्टवेअर, त्यात हा दोष नव्हता.)

तुमच्या ओटीपीच्या मुद्द्याला खरं उत्तर फेब्रुवारी २०२४ च्या स्क्रीनकनेक्ट या रिमोट ॲक्सेसच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात आहे. आवृत्ती २३.९.७ आणि त्याआधीच्या. पहिल्या इन्स्टॉलेशनचं सेटअपचं पान नंतर बंद व्हायचं, पण फक्त नेमक्या त्या पत्त्यापुरतं. पत्त्यापुढे एक स्लॅश आणि काहीही टाइप केलं की पान पुन्हा उघडायचं, आणि त्यातून हल्लेखोर स्वतःचं नवं ॲडमिन खातं तयार करायचा. तुमचा ओटीपी तुमच्या खात्यावर. त्याच्या खात्याला तो आडवा येणार कसा? शिवाय अशा सर्व्हरला जोडलेलं प्रत्येक मशीन त्याच्या हातात. तीव्रता दहापैकी दहा धरली गेली ती उगाच नाही.

असं सॉफ्टवेअर क्लाउडवर घेतलं असेल तर पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, बहुधा कंपनीच लावते, तेवढी खात्री करून घ्या. स्वतः चालवत असाल तर आधी सर्व्हर इंटरनेटवरून काढून व्हीपीएनच्या (खासगी, सुरक्षित जोडणीच्या) मागे न्या, लॉगची, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदींची, प्रत बाजूला ठेवा आणि मग अपडेट करा. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण पॅचने पुढचा शिरकाव थांबतो. आधीच शिरलेला माणूस बाहेर जात नाही. म्हणून युजरची यादी उघडून अनोळखी ॲडमिन, अचानक आलेली एक्स्टेंशन्स, नवीन शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) शोधा, आणि त्रुटी जाहीर होण्याच्या आधीच्या दिवसांचे लॉगही वाचा. असं एखादं खातं सापडलं तर नुसतं डिलीट करून थांबू नका. सर्व्हर नव्याने उभा करा, पासवर्ड आणि कीज बदला, आणि त्याला जोडलेली मशीनही एकेक करून तपासा. काम किचकट आहे, पण ते टाळू नका.