वाचक विचारतात: कार्टून नेटवर्कच्या घरच्या मालिका

प्रश्न: लहानपणी कार्टून नेटवर्कवर 'टॉम अँड जेरी', 'स्कूबी-डू', 'डेक्स्टर' सगळं एका बैठकीत पाहायचो. यातलं चॅनलनं स्वतः काढलेलं कोणतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: फक्त 'डेक्स्टर'. 'टॉम अँड जेरी' 1940 पासूनचं, एमजीएम स्टुडिओचं. 'स्कूबी-डू' 1969 चं, हॅना-बार्बेराचं. अमेरिकी माध्यम उद्योजक टेड टर्नर यांनी 1986 मध्ये एमजीएमचा जुना चित्रपटसाठा घेतला, 1991 मध्ये हॅना-बार्बेरा कंपनीच विकत घेतली आणि त्या शिदोरीवर 1 ऑक्टोबर 1992 ला अमेरिकेत हे चॅनल सुरू केलं. भारतात ते 1995 मध्ये आलं. आपल्याकडच्या प्रेक्षकांना सगळं एकदमच भेटलं, म्हणून जुनं-नवं एकच वाटतं.

घरच्या निर्मितीची सुरुवात काटकसरीतून झाली. 1994 च्या 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट'मध्ये 1966 च्या मालिकेतलीच चित्रं कापून नव्या संवादांवर बसवली होती. जुना अंतराळवीर खुर्चीत बसून खऱ्याखुऱ्या पाहुण्यांच्या मुलाखती घेतो, एवढीच कल्पना. खरं वळण 1995 चं. हॅना-बार्बेराचे तेव्हाचे प्रमुख फ्रेड सीबर्ट यांनी 'व्हॉट अ कार्टून!' ही योजना आणली: साधारण सात मिनिटांचे 48 लघुपट, आणि प्रत्येकाचा कर्ता चित्रकार. जे प्रेक्षकांनी उचलून धरलं, त्याची मालिका. 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' (1996), 'जॉनी ब्राव्हो' आणि 'काऊ अँड चिकन' (1997), 'द पॉवरपफ गर्ल्स' (1998), 'करेज द कावर्डली डॉग' (1999) ही सगळी त्याच रांगेतली. 'करेज'च्या मूळ लघुपटाला तर ऑस्करचं नामांकन होतं.

ही पद्धत आम्हाला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. कल्पना फसली तर सात मिनिटांचा खर्च बुडतो, अख्ख्या मालिकेचा नाही. शिवाय संहिता एकानं लिहायची आणि चित्रं दुसऱ्यानं काढायची, ही विभागणी मोडली. चित्रकार थेट स्टोरीबोर्डवरच, म्हणजे दृश्यांच्या क्रमवार कच्च्या चित्रांतच, गोष्ट रचत असल्यामुळे विनोद वाक्यांपेक्षा हालचालीत आला. पुढे 'अ‍ॅडव्हेंचर टाइम'चा सात मिनिटांचा नमुनाही सीबर्ट यांच्याच नव्या कंपनीतून आला. निकलोडियन या दुसऱ्या मुलांच्या चॅनलनं तो नाकारला, कार्टून नेटवर्कनं घेतला आणि 2010 मध्ये मालिका सुरू झाली.

प्रश्न: या मालिकांवर मोठ्या पडद्यासाठी चित्रपट फारसे का निघाले नाहीत? (नाशिकमधील एक पालक)

उत्तर: पहिल्याच घासाला खडा लागला. 'द पॉवरपफ गर्ल्स मूव्ही' 3 जुलै 2002 ला अमेरिकेत लागला, नेमका 'मेन इन ब्लॅक 2' च्या दिवशीच. चित्रपट चांगला होता, गल्ला जेमतेम जमला. त्यानंतर चॅनलनं टीव्हीपुरत्याच लांब चित्रपटांवर भर दिला: 2007 चा 'बेन 10: सीक्रेट ऑफ द ऑम्निट्रिक्स', त्याच वर्षी खऱ्या नटांना घेऊन केलेला 'बेन 10: रेस अगेन्स्ट टाइम', 2009 चा 'एड, एड अँड एडी'चा समारोपाचा चित्रपट. आमच्या मते चॅनलला सर्वांत शोभला तो यांच्या मधला आकार: 2014 चं 'ओव्हर द गार्डन वॉल'. साधारण 11 मिनिटांचे दहा भाग, पाच रात्रींत संपलेले. सलग पाहिलं तर एका चित्रपटाएवढंच. मुलांना दाखवायचं असेल तर रोज दोनच भाग लावा. गोष्ट अंधारी आहे, सात-आठ वर्षांखालच्या मुलांना भीती वाटू शकते.

प्रश्न: 'छोटा भीम' कार्टून नेटवर्कचाच ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर: नाही, पोगोचा. पोगो हे त्याच कंपनीचं 2004 मध्ये भारतासाठी काढलेलं भावंड चॅनल. भीम 2008 पासूनचा, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनचा.

प्रश्न: अ‍ॅनिमेशन शिकतो आहे. सात मिनिटांचा लघुपट एकट्यानं होईल का? 'सामुराई जॅक'सारखी शैली घ्यावी म्हणतो. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: आधी गणित करा. सेकंदाला 24 फ्रेम, एकच चित्र सलग दोन फ्रेम दाखवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. सात मिनिटं म्हणजे 420 सेकंद, म्हणजे 5,040 चित्रं. दिवसाला 20 पूर्ण करणारालाही आठ महिन्यांहून जास्त लागतील. म्हणून पहिला प्रयत्न दीड मिनिटाचा करा, आणि हॅना-बार्बेराची जुनी युक्ती वापरा: धड स्थिर, तोंड, डोळे आणि हात वेगळ्या थरांवर. बोलण्याच्या शॉटमध्ये काम निम्म्याहून खाली येतं.

क्रम असा ठेवा: स्टोरीबोर्ड, मग संवादांचं रेकॉर्डिंग, मग दोन्ही जोडून अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्थिर चित्रं आवाजासह खऱ्या वेळेत. संवाद शेवटी रेकॉर्ड केले तर ओठ जुळत नाहीत आणि चित्रं पुन्हा काढावी लागतात. अ‍ॅनिमॅटिक हमखास लांबतं, दीड मिनिटाचं सव्वादोन होतं. कात्री तिथेच लावा. रंगवून झालेला शॉट टाकून देताना जीव जातो, आणि मग तो टाकला जातच नाही.

'सामुराई जॅक' (2001) मध्ये तिचे कर्ते गेंडी टार्टाकोव्स्की यांनी पात्रांभोवतीची काळी रेघ काढून टाकली. दिसायला सोपं, करायला अवघड. रेघ नसली की आकृती पार्श्वभूमीत विरघळते. लाल अंगरखा हिरव्या रानापुढे रंगात उठून दिसतो, पण दोन्हींचा गडदपणा सारखा असेल तर हालचाल कळत नाही. उपाय: प्रत्येक शॉटची एक फ्रेम कृष्णधवल करून पाहा. पात्र आणि मागचं चित्र एकाच राखाडी छटेत गेलं, तर रंग तोच ठेवून पार्श्वभूमी फिकट किंवा गडद करा. हात अंगावरून जातो तिथेही हीच अडचण येते. हाताची बाही एक छटा गडद ठेवा, नाहीतर तलवार उपसताना हात नाहीसा होईल.